मुदत संपली, दुकान कोणाचे?

ओसरी दुकानाला किरायाने देणे आपल्या बोरगावच्या जुन्या घरांना नवे नाही. पण मुदत संपली की नाते तुटते, असे होऊ नये.

मुदतीनंतरही मालकाने किराया घेतला, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार दुकानाचा भाडेपट्टा साधारणतः महिनेवारी चालू राहतो. तो संपवायला १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. १९६१ चा मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम जेथे लागू, तेथे कायद्यातले कारणही दाखवावे लागते.

कुलूप ठोकू नका. जबरीने काढलेला किरायेदार ६ महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो. किरायेदारांनो, स्वखर्चाच्या फळ्या, शटर ताबा असेपर्यंतच काढा. जागा होती तशी सोडा.

शब्द मोलाचाच, पण करार लिहा. शेजार टिकेल.