स्वयंसेविका की कामगार?

साथींनो, मोताळ्याच्या या सभेत पुढच्या रांगांत आशा भगिनी बसल्या आहेत, तेव्हा प्रास्ताविक बाजूला ठेवतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशा नेमण्याचे ठरले. नियमाने ती स्वयंसेविका. तिच्या नित्याच्या उपजीविकेत व्यत्यय येऊ नये अशा बेताने काम द्यावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रत्यक्षात, मध्यरात्री वेणा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात नेणे कोणाच्या सवडीवर अवलंबून नसते. लसीकरण, सर्वेक्षणे, नोंदवह्या आहेतच. आणि त्यापायी कापूस वेचणीची मजुरी बुडते, तिची नोंद कोणत्याच वहीत नाही. जाब विचारताना ती नोकर, रजा आणि निवृत्तिवेतन मागताना मात्र स्वयंसेविका! २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, अशी शिफारस केली. ती अद्याप अमलात नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, तेव्हा अभिनंदन करण्यात सरकार मागे नव्हते. मानधनवाढीसाठी आपण लढलो, पुढेही लढू. परंतु आजचा ठराव तहसीलदारांमार्फत शासनाकडे जाईल, त्याच्या पहिल्या ओळीत ‘मानधन’ नव्हे, ‘कामगार’ हा शब्द असावा, अशी माझी सूचना आहे.