सकूचं माहेर

मी वरळीच्या बीडीडी चाळीतली. आमच्यातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमची पाळी अजून यायची आहे. त्यामुळे सध्या घरोघर ट्रंका उघडणं चाललंय. पण आज सांगायचंय ते आमच्या गाववाल्यांच्या खोलीतलं.

तुमच्यापैकी कोकणातल्या बायांना गाववाल्यांची खोली ठाऊक असेल. एका गावचे गिरणी कामगार एकाच खोलीत राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. १९८२ च्या संपानंतर बरेचजण गावाला परतले, पण मंडळ अजून आहे आणि वर्गणीच्या जुन्या वह्याही आहेत.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी मॉरिशसहून एक बाई तिथे आली. शिक्षिका, साठीची. घरी क्रिओल बोलते, मराठी शाळेत शिकलेली. जपून, एकेक शब्द वेचून बोलायची. तिच्याकडे एक कागद होता. तिच्या खापरपणजीच्या आईचा.

आता हे लोक तिकडे गेले कसे? इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, मग उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडली. १८३४ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरातून करारावर मजूर नेले. सगळे मिळून सुमारे साडेचार लाख. त्यात रत्नागिरी, सातारा भागातली आपली माणसंही होती. जुनी माणसं पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणायची ना, ती याच मॉरिशसची. आपल्या चहात ज्या मुलखाची साखर पडायची, तिथे आपलंच कोणी ऊस तोडत होतं!

पोर्ट लुई बंदरात उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळायचा. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, जहाज, असं लिहून घ्यायचे. पुढे फोटोही काढू लागले. ते कागद मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेत. बाईच्या कागदावर फोटो नव्हता. नाव सकू, बाप रामा, जिल्हा रत्नागिरी, डाव्या हातावर भाजल्याची खूण. गावाचं नाव कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं, ते तीन गावांना बसत होतं. शिवाय तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला.

आम्ही तिन्ही गावांच्या मंडळांना फोन केले. दोन गावांहून वंशावळी आल्या. कुणबी नोंदींसाठी लोकांनी मोडी वाचणारे गाठून नुकत्याच लिहून घेतलेल्या. रामा एकात तीन, दुसऱ्यात दोन. प्रत्येक रामाखाली मुलगे, नातू, पणतू. मुलगी एकाही रामाला नाही! बाई कागदावर बोट ठेवून विचारत होती, “मग सकू कुठे लिहितात?” आमचे मंडळाचे अध्यक्ष चष्मा पुसत बसले.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. परक्या सरकारने तिला कामाला जुंपण्यासाठी का होईना, तिच्या हातावरचा डाग लिहून ठेवला. आपण घरच्यांनी नावही नाही.

तुम्हाला कोणी शोधायचं असेल तर फक्त आडनावावर जाऊ नका. मॉरिशसमध्ये आजोबा-पणजोबांचं नुसतं नावच आडनाव होऊन बसलंय. नंबर विचारा. ग्रामदैवत, देवक विचारा. तहसीलला जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, फेरफार बघा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेत. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी घराण्यांची वंशावळ सांगत फिरतात. पण तिथेही बहुतेक पुरुषांच्याच फांद्या. बायांसाठी म्हाताऱ्यांनाच विचारावं लागतं.

तसंच झालं. तिसऱ्या गावाहून मंडळाच्या एका भावजींनी फोन लावून दिला. त्यांची आजी नव्वदीची. म्हणाली, “आमच्यात सर्वपित्रीला एक पान जास्तीचं वाढतात. दर्यात गेलेलीचं. नाव नाय माहीत.” ती सकूच, असं कोणी छातीठोक सांगणार नाही. मीही सांगत नाही. पण बाईने विचारलं, त्या पानावर काय वाढतात? आजी म्हणाली, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. बाईने ते वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी पोरं खाली जाखडीचा सराव करत होती. ती म्हणाली, आमच्याकडेही गणपतीत नाचतात, ‘झाकरी’ म्हणतात. चप्पल काढून सरळ फेरात शिरली. दोन पावलं चुकली, तिसरं जुळलं.

ती त्या गावाला जाऊन आली. घराच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि परत गेली.

मी त्या रात्री आईला विचारलं, तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय गं? तिला येईना. लांज्याच्या मावशीला फोन केला, तिलाही येईना. मग मावशीने शेजारच्या म्हातारीला हाक मारली. फोन तसाच चालू होता. बऱ्याच वेळाने आवाज आला, “मथुरा. मथी म्हणायचे. हरचेरीकडची.” मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलंय.