जिवाणूंचे रूपांतर आणि आपली प्रयोगशाळा
(विजयदुर्ग येथील देणगीदार मेळाव्यात केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जिवाणूशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि प्रयोगशाळेवरील खर्च आपणापुढे मांडताना त्यामागील कारण विशद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

मिठात मासळी टिकते, हे या किनाऱ्यावर कोणास सांगावयास नको. मिठामुळे जिवाणूंतील पाणी ओढले जाते व त्यांची वाढ खुंटते. काही जिवाणू मात्र अशा संकटात आपला आकारच बदलतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. पुढील वर्षी, १८९७ मध्ये, हॅन्किन व ल्यूमन या संशोधकांनी या गुणधर्माचा निदानासाठी उपयोग केला. सुमारे तीन टक्के, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतके, मीठ घातलेल्या अगारवर प्लेगचे आखूड, दंडाकृती जिवाणू फुगून वाटोळे होत. हे बदललेले रूपच त्यांची ओळख पटवून देई.

आज मिठाच्या जागी प्रतिजैविके आहेत. पेनिसिलीन वर्गातील औषधे जिवाणूच्या बाह्य भित्तिकेची बांधणी रोखतात. तेव्हा काही दंडाकृती जिवाणूंचे विभाजन थांबते आणि ते लांबच लांब तंतूसारखे वाढतात. काही आपली भित्तिकाच टाकून गोलाकार होतात. मग भित्तिकेवर आघात करणारे औषध त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरते. औषधाचा प्रभाव ओसरताच यांतील काही पुन्हा मूळ रूप धारण करून वाढू लागतात. रूप पालटले तरी जिवाणू तोच असतो.

म्हणूनच केवळ सूक्ष्मदर्शकातून पाहणे पुरेसे होत नाही. जिवाणूंची वाढ करून, म्हणजे कल्चर करून, कोणते औषध लागू पडेल हे तपासावे लागते. औषध आधीच पोटात गेले असल्यास ही वाढ पुष्कळदा होतच नाही. यास्तव रुग्णांच्या नातेवाइकांस माझी नम्र विनंती आहे की, दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून देऊ नयेत, डॉक्टरांनी सांगितल्यास पहिल्या मात्रेपूर्वी नमुना द्यावा आणि बरे वाटू लागले तरी त्यांच्या सल्ल्यावाचून औषध थांबवू नये.

देणगीदारांस एवढेच सांगतो: कल्चरच्या अहवालास एक-दोन दिवस लागतात आणि त्यावरील खर्च इमारतीसारखा डोळ्यांत भरत नाही. परंतु योग्य औषधाची निवड त्यावरच अवलंबून असते. आपले साहाय्य असेच लाभत राहो, ही प्रार्थना.