समुद्राकाठचा आपला कातळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी मढ येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की यंदाची सहल हरिहरेश्वरला न्यायचे घाटते आहे, तेव्हा तुम्ही जाऊन आलेल्या, चार शब्द बोला. देवस्थानाची माहिती पुष्कळ जणींना आहे. पेशव्यांचे ते कुलदैवत, थोरल्या बाजीरावांनी १७२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला असे सांगतात. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे, हा तिथला शिरस्ता. हे सारे पार पडले की लोक नारळ घेऊन गाडीत बसतात. घरी आल्यावर विचारावे, समुद्र कसा होता, तर उत्तर मिळते, "पुष्कळ पाणी होते." एवढ्यासाठी का आपण पैसे साठवून जायचे? मला आज देवळामागच्या खडकाविषयी बोलायचे आहे.

आपल्याला हे ठिकाण वाटते तितके परके नाही. माळशेज उतरले की मुरबाड, कर्जत, खोपोली, पाली, माणगाव आणि म्हसळ्यावरून श्रीवर्धन तालुक्यात शिरायचे. महाबळेश्वरला उगवलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर बाणकोट. शेजारच्या बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीत माणसांबरोबर मोटारीही चढतात. आमच्यातल्या एकीने ते पाहून पदर तोंडाला लावला, तो बोट पलीकडे लागेपर्यंत काढला नाही!

प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या डोंगरावर चढते आणि मग एकदम खाली उतरते. दोन बाजूंना कातळाच्या उभ्या भिंती, मधे अरुंद फट, आणि त्या फटीत खोदलेल्या पायऱ्या. वरून पाहिले तर पायऱ्यांच्या टोकाशी निळ्या पाण्याची एक उभी पट्टी तेवढी दिसते. लाटेचा आवाज त्या चिरेत घुमतो, म्हणून समुद्र दिसण्याआधी ऐकूच येतो. खाली उतरलो की पायाखाली मोठे खडकाचे अंगण. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगराचा तुटलेला कडा. कड्याचा पाया लाटांनी आत आत पोखरला आहे, वरचा भाग ओसरीच्या पाख्यासारखा पुढे आला आहे. आणि त्या कड्याच्या अंगावर जाळी! बारीक, मोठी, खोल, उथळ, हजारो भोके. आमच्याबरोबरच्या आजी म्हणाल्या, "अगं, अनारशाला जाळी पडावी तशी पडली आहे." कुठे मधमाश्यांचे मोहोळ वाटते, कुठे कुणी नक्षी कोरून अर्धवट सोडली आहे असे वाटते.

आता गंमत अशी की हा खडक आपलाच आहे. सिंदोळा पाहा, हरिश्चंद्रगड पाहा. डोंगराच्या अंगावर एकावर एक आडवे थर दिसतात, जणू पायऱ्याच. या खडकाला शास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. त्याचेच हे थर, आणि त्यांतूनच आपला सह्याद्री कोरला गेला. वर आपल्या खाचराच्या बांधाला जो काळा धोंडा आहे, त्याच जातीचा कातळ खाली समुद्राला पाय लावून बसला आहे. मग इकडे जाळी का नाही आणि तिकडे का?

कारण मीठ. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ओल भिंतीत चढते, सुकते, आतले क्षार फुगतात आणि मातीचे पोपडे सुटतात. समुद्रकाठच्या कातळालाही लोणाच लागतो म्हणा ना! लाटेचा तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतो, उन्हाने पाणी उडून जाते, मिठाचे खडे आत वाढतात आणि दगडाचा कण कण सुटा करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल अधिक टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो. शिवाय थिजताना रसात अडकलेल्या वाफेचे बुडबुडे आधीपासून खडकात असतातच. तिथे मिठाला आयती जागा मिळते. अंगणातले गोल खळगे मात्र वेगळ्या कारणाने होतात. तिथे लाट गोट्यांना गरागरा फिरवते आणि ते दगडाला भोक पाडतात. आपल्याच तालुक्यात उगवलेल्या कुकडीने पुढे निघोजला रांजणखळगे केले आहेत ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. नदीने केले तेच इथे समुद्र करतो. ओहोटीला या खळग्यांत पाणी राहते, त्यात खेकड्यांची पिल्ले आणि शंख फिरताना दिसतात.

पण भगिनींनो, हे अंगण दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. या वाटेवर लाटेने ओढून नेल्यामुळे माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पाटी लावलेली असते, तरी "आता आलोच आहोत तर" म्हणून लोक उतरतात. देवाची प्रदक्षिणा अर्धी टाकू नये असे कुणाला वाटते. मला विचाराल तर पाणी वाढताना प्रदक्षिणा अर्धी टाकून परतणे यात काहीच पाप नाही.

भरतीची वेळ काढायला घड्याळापेक्षा पंचांग बरे, आणि ते आपल्या घरात असतेच. कोकणातला हिशेब असा : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागे चालते, म्हणून हा हिशेब. शुद्ध असो की वद्य, रीत एकच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पुनवेला आणि अवसेला भरती भर दुपारच्या सुमारास येते आणि तीही मोठी; नेमक्या त्याच दिवशी यात्रेकरूंची गर्दी, आणि दुपारीच लोक उतरायला निघतात! हा अर्थात अंदाज आहे. तिथल्या माणसाला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये, आणि पावसाळ्यात त्या वाटेचे नावच काढू नये.

कुणी घरी म्हणेल, बायकांना समुद्रावरचे दगड पाहून काय करायचे आहे? त्यांना सांगा की नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख दोन हजार वर्षे उभा आहे, आणि जुन्नरच्या पेठेला बंदराचा माल त्याच घाटाने चढून येत असे. समुद्राशी आपला संबंध जुना आहे.

माझी सूचना अशी. माघातली किंवा फाल्गुनातली संकष्टी धरावी. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. आदल्या रात्री मुक्कामाला पोचावे, आठाला पायऱ्या उतराव्या, पाणी मागे सरत असतानाच फिरून दहाच्या आत देवळात परत यावे. सावकाश चालले तरी तासाभराची वाट आहे. शेवाळावर पाय सरकतो, म्हणून नऊवारीचा ओचा वर खोचावा, पायात घट्ट बसणाऱ्या चपला असाव्या. लहान मुले कडेवर नकोत, ती देवळाजवळ कुणीतरी सांभाळावी. उपासाचे शेंगदाणे आणि खजूर बरोबर घ्यावा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायऱ्यांच्या माथ्यावरून पाहावे, तिथूनही पुष्कळ दिसते. नावे चिटणीसबाईंकडे पुढच्या सभेपर्यंत द्यावीत, म्हणजे गाडी ठरवता येईल.