आधी घरचा किल्ला



आपली मुले हल्ली युरोपास जाऊन ऱ्हाइनकाठचे किल्ले पाहून येतात, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु युरोपातून आलेल्या पोर्तुगीजांचा किल्ला आपल्या डहाणूच्या खाडीवरच आहे. तो १७३९ साली मराठ्यांनी जिंकला, हे कितीजण मुलांस सांगतात? डहाणू-तलासरीच्या डोंगरांत, बोर्डीजवळ, बहरोटच्या गुहा आहेत. संजाण पडल्यावर पारशी बांधवांनी आपला पवित्र अग्नी तेथे सुमारे १२ वर्षे जपला. तोच आज उदवाड्यास तेवत आहे. सांगणारे कोणी उरले नाही, तर हे चिरे नुसते दगड ठरतील. म्हणून विनंती की, परदेशाचे तिकीट काढण्यापूर्वी एक रविवार नातवंडांसह येथे घालवावा.