उतरणीचा गुडघा

नेरळच्या स्थानकावर उतरून माथेरान पायीं गाठणारा तरुण चढतांना घामाघूम होतो, आणि आपल्या पायांची परीक्षा झाली असें समजतो. खरी परीक्षा अजून व्हावयाचीच असते. नेरळ आणि माथेरान यांच्या उंचींत सुमारें साडेसातशें मीटरांचें अंतर आहे. १९०७ सालीं सुरू झालेली लहान आगगाडी तें उतरण्यास एकवीस किलोमीटरांची नागमोडी वाट घेते. घाईंतला माणूस पायवाटेनें सरळ खालीं येतो, आणि त्या घाईचें मोल गुडघा देतो.

चढतांना मांडीच्या पुढील बाजूचा स्नायु आकुंचन पावून शरीर वर उचलतो. उतरतांना तोच स्नायु, स्वतः ताणला जात असतां, शरीराचा भार आवरून धरतो. गाडीच्या ब्रेकाचेंच तें काम. शिवाय गुडघा भाराखालीं जितका वाकेल तितकी त्याची वाटी मागील हाडावर अधिक जोरानें दाबली जाते. म्हणून दम न लागतांहि गुडघे दुखूं लागतात. मांडीचें दुखणें तर बहुधा दुसऱ्या दिवशीं जागें होतें, आणि घरचा जिना उतरतांना कळवळणारा मनुष्य चकित होतो. तें चार-पांच दिवसांत आपोआप ओसरतें. आखूड पावलें आणि हातांत एक काठी, एवढ्यानें पुष्कळ निभावतें.

घोट्याची गोष्ट वेगळी. सुट्या दगडावर पाऊल आंत वळतें आणि घोट्याच्या बाहेरील अस्थिबंधनें ताणतात किंवा फाटतात. मग घरोघर होणारी चूक म्हणजे तेल लावून जोरानें चोळणें. फाटलेलें बंधन चोळल्यानें जुळत नाहीं. सूज मात्र वाढते. पहिले दोन-तीन दिवस थंड पाण्याची घडी, पट्टी, आणि पाय उशीवर उंच ठेवणें हेंच बरें. चार पावलेंहि टाकतां येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागील कड दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरणांनीं हाड पाहावें; कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं मांडलेल्या कसोटीचा हा गाभा आहे. हाड शाबूत असल्यास महिनाभर खाटेवर पडून राहणेंहि हितकर नाहीं. सोसेल तितकें चालावें, व पुढें एका पायावर तोल धरण्याचा सराव करावा. तोच घोटा पुन्हां वळण्याचा संभव त्यामुळें कमी होतो.

डोंगराखालीं, रायगड जिल्ह्यांतल्या गांवोगांवच्या कबड्डींत, याहून फसवी दुखापत होते. चढाईचा गडी पाय रोवून अंग वळवतो, त्याच क्षणीं पकड बसते, आणि गुडघ्यांत कट् असा आवाज होतो. थोड्या वेळानें वेदना उतरते, गडी चालूं लागतो, आणि मंडळी त्याला पुन्हां मैदानांत धाडतात. परंतु दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला तर आंत रक्त उतरलें असें बहुधा समजावें. आणि सांध्यांतील पुढील अस्थिबंधन तुटणें हें त्याचें नेहमींचें कारण होय. असा गुडघा सरळ चालतांना साथ देतो, वळतांना दगा देतो, आणि प्रत्येक दग्यासरशीं आंतील कूर्चेच्या गाद्या चिरडल्या जाण्याचें भय असतें. डॉक्टरानें तपासीपर्यंत त्या गड्यानें बाहेरच बसावें. शस्त्रक्रिया प्रत्येकास लागत नाहीं. ती झाली तर खेळांत परतण्यास बहुधा नऊ महिने तरी लागतात. आणि दुखऱ्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीस आली नसेल, तर त्यानंतरहि थांबावें लागतें.