वर्षाअखेर बाकी शून्य
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिल्ली येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या नियोजित वास्तूचा आराखडा आपण पाहिलाच आहे. दर्शनी बाजूस, म्हणजे नेमकी पश्चिमेस, तळापासून गच्चीपर्यंत काच योजिली आहे. ती देखणी दिसेल यात शंका नाही. परंतु जूनमधील उतरते ऊन तिच्यातून आत शिरेल, आणि ती उष्णता बाहेर काढण्याचा खर्च आपल्या वर्गणीतून भागवावा लागेल.

आपल्याच शहरात, जोरबागेत, इंदिरा पर्यावरण भवन उभे आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधलेल्या या कचेरीचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१४ रोजी झाले. वर्षभरात लागेल तितकी वीज आपणच निर्माण करावयाची, या संकल्पाने ती आखली गेली. रात्री बाहेरून वीज घ्यावयाची, दुपारी उरेल ती परत द्यावयाची आणि वर्षाअखेर वहीत बाकी शून्य, असा हा व्यवहार आहे.

तेथील ९३० किलोवॅटच्या सौरपट्ट्यांचेच सर्वांना कौतुक वाटते. आमच्या मते खरी करामत त्याआधीची, मागणी घटविण्याची आहे. इमारतीची तोंडे उत्तर-दक्षिण आहेत. दिल्लीत उन्हाळ्यातील भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीला बेताचा छज्जाही पुरतो, आणि हिवाळ्यात तेच ऊन तिरपे होऊन त्याखालून आत येते. पश्चिमेचा सूर्य मात्र समोरून, खालून येतो. तेथे छज्जाचा काही इलाज चालत नाही. दोन भागांमध्ये मोठा चौक ठेवून उजेड व वारा आत घेतला आहे. (आपल्या आजोबांच्या वाड्यांतील चौक याहून निराळे काय करीत होते?) वातानुकूलनाची उष्णता जमिनीत खोल उतरविलेल्या नळ्यांतून भूमीस दिली जाते, त्यामुळे शीतन-मनोऱ्यात पाणी उडून जाण्याचा प्रश्नही टळतो.

आता आपला हिशेब. दिल्लीत एक किलोवॅटच्या सौरपट्ट्यांना ढोबळमानाने दहा चौरस मीटर गच्ची लागते, आणि त्या वर्षाकाठी १,४०० ते १,५०० युनिटे देतात. आपल्याला तीनशे चौरस मीटर गच्ची मोकळी मिळाली, तर सुमारे ४२,००० युनिटे हाती येतील. सभागृह, ग्रंथालय व अतिथिकक्ष एवढ्यात चालविणे कठीण खरे, पण भिंत काचेची असेल तर अशक्यच.

बांधकामाचे कंत्राट अद्याप दिलेले नाही. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी वास्तुशिल्पज्ञांनी सभागृहाचे तोंड उत्तरेस वळवून दुसरा नकाशा सादर करावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.